हाताची ऊर्जा आणि हाताचा विटाळ

स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. विषय आम्ही शोधला नाही, तो विहारातच मिळाला. गेल्या वर्षावासात ग्रंथवाचन आटोपल्यावर एका वैनींनी सरळ विचारले, “दादा, रेकी ही भगवान बुद्धांचीच विद्या ना? मग आपण शिकलो तर बिघडले कुठे?” त्यांच्या नात्यातल्या कुणीतरी पैसे भरून पहिली पायरी केली होती आणि आता दुसरीसाठी पैसे मागत होते. त्या दिवशी आम्ही थातूरमातूर उत्तर दिले नाही, वाचून सांगतो म्हणालो. पुढे मिळेल ते वाचले. ते येथे आमच्या धम्मबांधवांपुढे ठेवीत आहोत.

आता शहरात पाट्या दिसतात. कुठे रेकी, कुठे प्राणिक हीलिंग, कुठे चक्रशुद्धी. नावे निराळी असली तरी मूळ दावा एकच आहे. विश्वात एक अदृश्य शक्ती भरलेली आहे, ती शरीरातून वाहते, अडली की रोग होतो, आणि ज्याला दीक्षा मिळाली आहे त्याच्या तळहातातून ती रोग्याच्या अंगात सोडता येते. जपानी माणूस तिला ‘की’ म्हणतो, चिनी माणूस ‘ची’ म्हणतो, आपल्याकडे ‘प्राण’ म्हणतात. हात अंगाला लावावाच लागतो असेही नाही. काही जण वीतभर अंतरावरून फिरवतात, काही जण फोटोवरून करतात, आणि आता तर फोनवरूनही करतात असे ऐकतो.

आधी रेकीचे बघू, कारण बुद्धाचे नाव तिलाच जास्त चिकटवले जाते. रेकीचे संस्थापक मिकाओ उसुई. जन्म १८६५, जपानात. क्योटो शहराजवळ कुरामा नावाचा डोंगर आहे, त्यावर जुने बौद्ध मंदिर आहे. १९२२ साली त्या डोंगरावर एकवीस दिवस उपवास केल्यावर आपल्याला ही शक्ती मिळाली, असे उसुईंचे म्हणणे होते. मग त्यांनी टोकियोत केंद्र काढले. १९२३ साली टोकियोत महाभयंकर भूकंप झाला, तेव्हा त्यांनी जखमींवर उपचार केले असे सांगतात. १९२६ साली ते वारले. म्हणजे ज्या विद्येला हजारो वर्षांची म्हणतात, तिचे वय बाबासाहेबांच्या महाडच्या लढ्याएवढे, फार तर चार-पाच वर्षांनी जास्त.

उसुईंचे एक शिष्य चुजिरो हायाशी, हे आरमारातले निवृत्त डॉक्टर. त्यांच्याकडे हवायो ताकाता नावाची बाई १९३५ साली उपचाराला आली. ती हवाई बेटावर जन्मलेली, उसाच्या मळ्यात राबायला गेलेल्या जपानी मजुरांची मुलगी. तिने ही विद्या शिकून अमेरिकेत नेली. आता गंमत बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जपानी आणि बौद्ध म्हटले की लोक नाक मुरडत. तिथे ताकाताबाईंच्या गोष्टीत उसुई हे ख्रिस्ती शाळेचे प्रमुख झाले, येशू हाताने रोगी कसे बरे करीत असे याचा शोध घेत शिकागोच्या विद्यापीठापर्यंत जाऊन आले. पुढे संशोधकांनी तपास केला तेव्हा त्या शाळेच्या आणि त्या विद्यापीठाच्या दप्तरात उसुईंचे नाव सापडले नाही. तीच रेकी १९९० नंतर आपल्याकडे जोरात पसरली तेव्हा मात्र उसुई बुद्धाच्या सूत्रांतून विद्या शोधणारे ठरले. ख्रिस्ती मुलखात ख्रिस्ती आणि बौद्ध वस्तीत बौद्ध. गिऱ्हाईक बघून लेबल बदलणारा माल आम्ही गिरणीत असताना पुष्कळ पाहिला आहे.

ताकाताबाईंनी मरण्याआधी बावीस जणांना ‘मास्टर’ केले आणि त्या पदवीसाठी दहा हजार डॉलर घेतले. बावीस हा आकडा वाचून आम्ही जरा थबकलो. आमच्या बावीस प्रतिज्ञा नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी फुकट घेतल्या.

उसुईंनी पाच नियमही सांगितले होते, राग, काळजी, कृतज्ञता, मेहनत आणि दयाळूपणा यांविषयीचे. काही जण त्यालाच पंचशील समजतात. नियम चांगलेच आहेत. पण पंचशील ते नव्हे. प्राणिक हीलिंगचे प्रवर्तक चोआ कोक सुई तर फिलिपाइन्सचे, त्यांचे पुस्तक १९८७ चे. त्यावर जास्त लिहिण्यासारखे नाही.

पण मग कुणी म्हणेल, रेकी परकी असेल, प्राण आणि चक्रे तरी आपलीच ना? होय, आहेत. आणि फार लांब जायला नको, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच त्याची साक्ष आहे. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी हे गाव आहे. तिथे खडकात कोरलेली एकोणतीस लेणी आहेत. शिलाहार राजाचा ११३९ सालचा ताम्रपट मिळाला आणि या ठिकाणाचे जुने नाव प्रणालक असल्याचे उघड झाले. १९७० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा अभ्यास केला, त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९८६ साली निघाला. आमच्यापैकी किती जणांनी ही लेणी पाहिली आहेत? वेरूळ-अजिंठ्याला सहली जातात, दापोलीच्या समुद्रावर जातात, पण पन्हाळेकाजीचा फाटा कुणी वळत नाही.

ही लेणी म्हणजे दगडातली इतिहासाची वही आहे. सुरुवातीची लेणी साध्या बौद्ध भिक्खूंची, राहण्यासाठी आणि ध्यानासाठी. मग काही शतके उलटली. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास तिथे वज्रयानी बौद्ध आले. वज्रयान म्हणजे मंत्र, मंडल, गुप्त दीक्षा यांचा पंथ. तिथे महाचंडरोषण नावाच्या उग्र तांत्रिक देवतेची मूर्ती सापडली आहे. त्यानंतर वज्रयान लोपले आणि त्याच लेण्यांत नाथपंथी आले. त्यांनी मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ आणि सिद्धांच्या मूर्ती कोरल्या. शरीरातल्या नाड्या, चक्रे, प्राण वर चढवणे, कुंडलिनी ही सारी भाषा या सिद्धांची आणि नाथांची. बौद्ध तंत्रातून नाथपंथात हा वारसा कसा सरकला, हे आपल्या कोकणातल्या एका नदीकाठी डोळ्यांनी पाहता येते.

म्हणून चक्रांची विद्या बौद्धांत कधी नव्हतीच, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे होईल. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे हेवज्र तंत्र या बौद्ध ग्रंथात चक्रे चारच आहेत. इतर ग्रंथांत पाच, सहा, सात, कुठे त्याहून जास्त. शरीरात खरोखर असलेली वस्तू प्रत्येक ग्रंथात वेगळ्या संख्येने कशी सापडेल? फुप्फुसे दोन आहेत, ती जपानातही दोन आणि दापोलीतही दोन. ही चक्रे ध्यानात कल्पना करायची साधने होती. दवाखान्यात लावतात ते इंद्रधनुष्याच्या सात रंगांचे चित्र तर अगदीच नवे. जॉन वुड्रॉफ या कलकत्त्याच्या इंग्रज न्यायाधीशाने १९१९ साली आणि थिऑसॉफिकल सोसायटीच्या लेडबीटर यांनी १९२७ साली चक्रांवर इंग्रजीत पुस्तके लिहिली, त्यानंतर पाश्चात्त्य देशांत त्याला रंगरूप आले आणि ते परत आपल्याकडे आले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वज्रयान हे तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने वाढलेले. लेण्यात कोरले म्हणून ते तथागतांचे होत नाही. तथागतांनी आजाराबद्दल काय सांगितले ते त्रिपिटकात आहे. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाची गोष्ट येते. त्याने विचारले की माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्माचे फळ असते, असे काही लोक म्हणतात, ते खरे का? त्यावर तथागतांनी कारणे मोजून दाखवली. पित्त, कफ, वात, या तिन्हींचे एकत्र बिघडणे, ऋतूचा बदल, अनियमित वागणे, बाहेरून झालेला मार, आणि कर्म. आठ कारणे. सगळे कर्मावर ढकलणारे लोक आपल्या अनुभवाच्या आणि जगाने मान्य केलेल्या सत्याच्या पलीकडे धावतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. या आठांत भूत नाही, करणी नाही, दृष्ट नाही, अडकलेली ऊर्जा नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकाप्रमाणे पित्त-कफ-वात आले, ते साहजिक आहे. पण बघण्याची रीत कारण शोधण्याची आहे.

दीघनिकायातील केवट्ट सुत्तात एक गृहस्थ तथागतांना विनवतो की, भिक्खूंना चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे नालंद्याचे लोक श्रद्धावान होतील. तथागत नकार देतात. चमत्काराची आपल्याला किळस वाटते, असे सांगतात. ब्रह्मजाल सुत्तात तर ज्या धंद्यांवर भिक्खूने पोट भरू नये त्यांची लांबलचक यादी आहे, त्यात भूतविद्या, सर्पमंत्र, विंचवाचा मंत्र, हस्तरेषा सारे आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या यादीत जुलाब देणे आणि शस्त्रक्रिया हेही आहे, कारण भिक्खूने वैद्यकीचाही धंदा करू नये असा तो नियम होता. वैद्याला तथागतांनी कधी कमी लेखले नाही. जीवक त्यांचा वैद्य होता. तक्षशिलेला सात वर्षे शिकलेला, गुरूने औषधी नसलेली वनस्पती शोधून आण म्हटल्यावर रिकाम्या हाताने परत आलेला जीवक. तथागतांचे पोट बिघडले तेव्हा त्यांनी जीवकाचेच औषध घेतले. हात ठेवून बरे झाले नाहीत.

पण हात लावला जरूर, आणि ती गोष्ट विनयपिटकात आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कुणाच्या उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, एकाने डोके आणि एकाने पाय धरून त्याला बिछान्यावर ठेवले. मग संघ जमवून विचारले की तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? आजाऱ्याची सेवा ही तथागतांची सेवा, असा नियम तेव्हा झाला. यातला स्पर्श खराखुरा आहे. त्याला शुल्क नाही आणि पायरी नाही.

आता स्पर्शाचा विषय निघाला आहे तर आमच्या मनातले बोलतो. आम्हाला रेकीची पुस्तके वाचताना एक गोष्ट फार खटकली. एका माणसाच्या शरीरातून काहीतरी अदृश्य निघते, ते दुसऱ्याच्या शरीरात शिरते, डोळ्यांना दिसत नाही, मोजता येत नाही, पण परिणाम करते, आणि ते ओळखण्याचा अधिकार काही ठराविक लोकांनाच. अहो, हे शास्त्र आमच्या आजा-पणजांना पाठ होते! त्याचे नाव विटाळ. आमच्या हातातून, सावलीतून, थुंकीतून काहीतरी निघून दुसऱ्याला बाटवते, हा दावा आणि तळहातातून काहीतरी निघून दुसऱ्याला बरे करते हा दावा, दोन्ही एकाच साच्यातले कापड आहे. एकाला उलटी बाजू आहे, एकाला सुलटी.

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि आपल्या हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातूनही चालत गेलेली माणसे होती. त्यानंतर सवर्णांनी तळे बाटले म्हणून पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून मंत्र म्हणून ते शुद्ध केले. पाण्यात आधी काय शिरले होते? शेण-गोमूत्र ओतल्यावर काय निघून गेले? कुणी मोजले? त्याच तळ्यावर इतर धर्मांची माणसे आणि गुरेढोरे पाणी पीत होती, त्याने काही होत नव्हते. पुढे खटला चालला तो दहा वर्षे. १९३७ साली मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. म्हणजे ज्याने दावा केला त्यानेच पुरावा द्यावा, हा नियम होता म्हणून आपण जिंकलो. तो नियम आता ऊर्जेच्या दुकानात शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा काय?

आणि यातला दुटप्पीपणा बघा. ज्या हातांचा विटाळ होत होता त्याच हातांना गावाने रोगराई वाहून नेण्याचे काम दिले होते. घाटावर पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावच्या शिवेबाहेर न्यायचा, मरीआईचा पुजारी महार असायचा. कोकणात गावऱ्हाटीच्या देवकार्यात आपल्या लोकांना वंशपरंपरेने कामे वाटून दिलेली होती. गावाची इडापीडा आमच्या डोक्यावर आणि प्रसाद दुसऱ्यांच्या हातावर. १९५६ नंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी देव नदीत, विहिरीत सोडले आणि ही कामे नाकारली, तेव्हा गावोगाव बहिष्कार पडले. भगताकडे, देवरुषाकडे जाणे, कौल लावणे, अंगारा आणणे, उतारा टाकणे हे सोडताना त्या म्हाताऱ्या माणसांना किती जड गेले असेल! घरात तापाने फणफणलेले पोर आणि हातात अंगारा घ्यायचा नाही. तेव्हा तालुक्याला दवाखाना असला तर असला. त्यांनी ती किंमत मोजली, आणि आज त्यांची शिकलेली नातवंडे इंग्रजी नावाचा अंगारा कार्डावर पैसे भरून आणतात.

बरे, हा दावा कुणी तपासला आहे की नाही? दोनदा तरी चांगला तपासला आहे, आणि दोन्ही गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. अठराव्या शतकात मेस्मर नावाचा वैद्य पॅरिसमध्ये आला. माणसांच्या अंगात चुंबकासारखा अदृश्य प्रवाह असतो आणि तो आपण हाताने वळवतो, असे त्याचे म्हणणे. श्रीमंत बायकांची रीघ लागली. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्राचे जनक लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने एका झाडात हा प्रवाह सोडला. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेले. चौथ्या झाडाशी पोरगा बेशुद्ध पडला. पण प्रवाह सोडलेले झाड भलतेच होते, तिथून लांब! समितीने निष्कर्ष काढला की प्रवाह नाही, परिणाम कल्पनेचा आहे.

दुसरी गोष्ट १९९८ ची. अमेरिकेत रोग्याच्या अंगावरून हात फिरवून ऊर्जा नीट करणारे उपचारक होते, त्यांत परिचारिकाही होत्या. एमिली रोझा ही नऊ वर्षांची मुलगी, तिने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग केला. मधे पडदा. उपचारक पडद्याच्या भोकांतून दोन्ही तळहात पुढे करणार. एमिली नाणे उडवून ठरवणार आणि त्यांपैकी एका तळहातावर आपला हात अधांतरी धरणार. तिचा हात कोणत्या बाजूला आहे तेवढे सांगायचे, कारण ऊर्जा जाणवते असा त्यांचाच दावा. एकवीस उपचारक, २८० वेळा विचारले, १२३ वेळा बरोबर आले. डोळे मिटून नुसता अंदाज केला तरी १४० यायला हवे. हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. आमच्या विहारातल्या पोरांनी एखाद्या रविवारी हा प्रयोग करून पाहावा. एक चादर आणि एक रुपयाचे नाणे एवढेच साहित्य लागते.

तरीही लोक म्हणतात, “आम्हाला आराम पडतो.” ते खोटे बोलत नाहीत. अर्धा तास शांत पडून राहिले, कुणी आपुलकीने विचारपूस केली, हात ठेवला, तर दुखणे हलके वाटते, झोप लागते. शिवाय बहुतेक दुखणी चढतात आणि आपोआप उतरतात. आपण उपाय करतो तो दुखणे सर्वात जास्त असताना, म्हणून पुढे बरे वाटले की श्रेय उपायाला जाते. गिरणीतली एक गोष्ट सांगतो. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ उडते, ती वर्षानुवर्षे छातीत जाऊन दम लागतो. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की छाती जास्त आवळते, हे जुन्या कामगारांना माहीत असते. आमचा एक जोडीदार दर वर्षी गावी येऊन भगताचा उपाय करायचा आणि महिनाभर खरेच बरा असायचा. भगताने दम उतरवला म्हणायचा. दम उतरवला होता गावच्या हवेने, कारण तिथे धूळ नव्हती! मुंबईला परतला की पुन्हा तेच. पुढे एका हात फिरवणाऱ्याकडे जाऊ लागला, तिथे दर खेपेला पैसे. डॉक्टरकडे जाऊन कारण लिहून घेतले असते तर खाते बदलून मागता आले असते, भरपाईसाठी अर्ज करता आला असता. ऊर्जा अडली आहे असे सांगणाऱ्याने त्याला धुळीचे नाव एकदाही सांगितले नाही. पुढे त्याची छाती कायमची गेली. ऊर्जेच्या उपचाराचे हे खरे नुकसान आहे. तो रोगाचे कारण माणसाच्या आत ढकलतो आणि मालकाची धूळ मोकळी सुटते.

असेच विंचवाचे. आपल्या कोकणात लाल विंचू फार. विंचू उतरवणारे मांत्रिक गावोगाव होते आणि त्यांना यशही भरपूर, कारण पुष्कळ दंशांत नुसत्या वेदना होतात आणि त्या काही तासांत आपोआप कमी होतात. पण काहींना दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, छातीत पाणी होते, आणि माणूस, बहुतेक वेळा लहान पोर, दगावते. मांत्रिक मंत्र पुटपुटत असताना हीच वेळ निघून जायची. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ पासून महाड तालुक्यात सरकारी डॉक्टर म्हणून काम करू लागले. ते रात्र रात्र रोग्यांजवळ बसून टिपणे काढीत, ती त्यांनी लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापली. विष हृदयावर काय करते ते त्यांनी ओळखले आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी स्वस्त गोळी वेळेवर दिली तर माणूस वाचतो हे दाखवले. अत्यवस्थ रुग्णांत शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते प्रमाण एक-दोनावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाड म्हणजे तेच महाड, चवदार तळ्याचे.

कायद्याचीही माहिती असू द्या. मंत्र, ताईत किंवा जादूच्या उपायांनी ठराविक रोग बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घालून मारले, त्यानंतर काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून गंडादोरा, मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

आता आपल्याच घरातल्या दोन गोष्टी राहिल्या, त्या टाळल्या तर आम्ही दुसऱ्यांवर टीका करायला मोकळे नाही. पहिली विपश्यना. तीही बरेच लोक रोग बरा करण्यासाठी करतात. विपश्यनेचा आणि रत्नागिरीचा एक नातेसंबंध आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. तो बौद्ध राजा येथेच १९१६ साली वारला. धम्माला सांभाळणारा राजा गेला, आता धम्म सामान्य माणसांनीच सांभाळला पाहिजे, अशी जाग त्या देशात आली. लेडी सयाडो या भिक्खूंनी त्या काळात गृहस्थांना धम्म आणि ध्यान शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या परंपरेत पुढे ऊ बा खिन, आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका. गोयंकाजींना भयंकर अर्धशिशी होती, ती मोडण्यासाठी ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. गुरूने सांगितले की डोकेदुखीसाठी येणार असशील तर येऊ नकोस, धम्माची ती किंमत नव्हे. १९६९ साली गोयंकाजींनी भारतात पहिले शिबिर घेतले, पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. शिबिराच्या अर्जात इतर ध्यानपद्धती किंवा उपचारपद्धती करता का, हे विचारतात, सरमिसळ त्यांना चालत नाही. विपश्यनेविषयी आमच्यात मतभेद आहेत आणि ते राहतील. पण त्यांनी तिला दवाखाना होऊ दिले नाही, एवढे मान्य करावे लागेल.

दुसरी गोष्ट परित्राण पाठाची. आजारी माणसाच्या उशाशी परित्त म्हणण्याची प्रथा जुनी आहे. गिरिमानंद आजारी असता आनंदाने त्याला दहा संज्ञा ऐकवल्या आणि तो उठून बसला, असे सुत्तात आहे, ते आम्ही लपवत नाही. त्या दहा संज्ञा वाचल्या तर त्यात अनित्यता आहे, शरीराचे खरे स्वरूप आहे, श्वासाकडे लक्ष आहे. म्हणजे विचार करायला लावणारे शब्द आहेत, हाताचा प्रवाह नाही. आणि मिलिंद राजाने नागसेनाला नेमका हाच प्रश्न केला होता की मरण कुणालाच चुकत नाही तर परित्त कशासाठी? नागसेनाने सांगितले की ज्याचे आयुष्य संपले त्याला परित्त किंवा औषध काहीच वाचवू शकत नाही, सुकलेल्या लाकडाला कितीही पाणी घातले तरी पालवी फुटत नाही.

आमच्या विहारात पौर्णिमेला परित्राण होते, तेव्हा मधे पाण्याचे मडके ठेवतात आणि सुताचा धागा सगळ्यांच्या हातून फिरवतात. त्या धाग्याचे आम्हाला आवडते ते एवढेच की तो कुणाच्याही हातातून जातो आणि कुणाचा विटाळ होत नाही. पाणी बाटलीत भरून आजाऱ्यासाठी नेणाऱ्या माऊल्यांना आम्ही अडवत नाही. फक्त सोबत कुणी तरुण धाडतो, डॉक्टरचा कागद आणि गोळ्यांची वेळ बघून यायला.